पर्समधल्या गोळ्या

बँकेच्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याला, डमडमला आलो, त्याला दोन वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात यांच्या पायाला जखम होऊन ती चिघळली आणि इस्पितळात ठेवावं लागलं. ताप उतरला, पण चौथ्या दिवशी लघवी फारच कमी झाली. डॉक्टर म्हणाले, "क्रिएटिनिन वाढलंय. किडनीवर ताण आलाय. असंच वाढत गेलं तर डायलिसिस करावं लागेल." रोज दत्तगुरूंचं नाव घेणारी मी, पण त्या दुपारी मनात आलं, ऐकणारं खरंच कुणी आहे का?

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण रोज लांबच्या बजबज गावाहून यायची. वयस्क, पांढऱ्या साडीतली. आमचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं. डॉक्टर गेल्यावर ती जवळ आली आणि मला बंगालीत वहिनी म्हणत मोडक्या हिंदीत हळूच म्हणाली, "बौदी, घर का कोई दवा तो नहीं देता?"

मी देत होते. माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्या पर्समध्ये असायच्या. यांचं कण्हणं ऐकवेना, म्हणून बिस्किटाबरोबर दिवसातून दोनदा गोळी देत होते, नर्सला न सांगता. मी ते कसंबसं कबूल केलं. ती रागावली नाही. तिचा नवरा ज्यूट मिलमध्ये होता. कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं अशाच गोळ्या खाऊन त्याच्या किडन्या गेल्या होत्या. "अभी जाके डाक्टर को बोलो," ती म्हणाली. "मैं इधर बैठती है."

मी गेले. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी पाहिली, मग जखमेसाठी चाललेल्या इंजेक्शनांचा कागद. "हे इंजेक्शनही किडनीला जड असतं. त्यात या गोळ्या. दोन्ही बंद करू. बरं झालं, आजच सांगितलंत."

दोन दिवस क्रिएटिनिनचा आकडा तिथेच अडून राहिला. तिसऱ्या दिवशी लघवी वाढली, आकडा उतरू लागला. डायलिसिस टळलं. तोवर त्या बाईच्या भावाला घरी सोडलं होतं. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

यांना सगळं सांगताना मला रडू आवरेना. ते एवढंच म्हणाले, "माझं दुखणं तुला बघवलं नाही, म्हणूनच दिल्यास ना?" आणि माझा हात धरून ठेवला.

दत्तगुरूच तिच्या रूपानं आले, असं मी कुणाला सांगत नाही. पण त्यांच्यावर सगळा भार टाकला असं म्हणत असताना माझ्या हातून काय चाललंय, ते मी त्यांच्यापासूनही लपवत होते, एवढं मला कळलं. आता देवापुढे बसले की काही मागण्याआधी दिवसभरात जे चुकलं ते सांगून टाकते. मग हात जोडताना जीव हलका असतो.