आडनावाचा रकाना

खराडीच्या एका काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर बसून, आम्ही आफ्रिकेतल्या निर्वासितांना जेवायला मिळावं की नाही हे ठरवत असू. पाहुण्यांसमोर मी असं म्हटलं की नवरा म्हणायचा, "अगं, जरा सौम्य सांग."

सौम्य सांगायचं तर ते असं. युरोपातला एक श्रीमंत देश आफ्रिकेतल्या एका गरीब देशाला मदत करायचा. विहिरी, शाळा, रस्ते. शेजारच्या देशातल्या लढाईतून पळून आलेली माणसं त्या गरीब देशात छावण्यांत राहत होती आणि त्यांचं रेशनही हाच श्रीमंत देश पुरवत होता. कुणाच्या नावाने रेशनकार्ड द्यायचं ते तपासायचं काम पुण्यात स्वस्तात होतं, म्हणून ते आमच्या कंपनीला मिळालं. कंपनीची बस मला धायरीहून उचलायची, अख्खं शहर ओलांडून खराडीला टाकायची, आणि मी एसीत स्वेटर घालून तिथल्या उन्हातल्या माणसांचे फॉर्म उघडायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

काम सोपं होतं. स्क्रीनच्या डावीकडे कुटुंबाचा फोटो आणि फॉर्म, उजवीकडे प्रश्न. पहिलाच प्रश्न: कुटुंबातल्या सर्वांचं आडनाव एकच आहे का? 'नाही' म्हटलं की दुसरा: जन्माचे दाखले आहेत का? घर जळताना दाखल्यांची फाइल उचलून कोण पळतं! तिथेही 'नाही' आलं की मशीन आपण होऊन शिक्का मारायचं, 'असंबद्ध व्यक्ती'. मग मुलांचं रेशन पडताळणी होईपर्यंत बंद.

पहिले काही महिने मीही निमूटपणे 'नाही' दाबत होते, हे आधीच कबूल करून टाकते.

मग तिचा फॉर्म आला. चार मुलं, डोक्याला पिवळं फडकं, डाव्या भुवईवर जुना व्रण. मुलांचं शेवटचं नाव एक, तिचं दुसरंच. मी 'नाही' दाबलं आणि पुढच्या फॉर्मवर गेले. आठवड्याने तिची तक्रार आली. छावणीतल्या कारकुनाने तिचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत उतरवून पाठवलं होतं. त्याचा अर्थ असा: ही माझीच मुलं आहेत. त्यांच्या नावात त्यांचा बाप आहे, माझ्या नावात माझा बाप आहे. तुमच्या नावात कोण आहे?

मी खुर्चीत ताठ बसले. त्या लोकांत आडनाव नसतंच. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं. लग्न झालं म्हणून बाई आपला बाप बदलत नाही. म्हणजे त्या छावणीतल्या एकाही आईचं शेवटचं नाव तिच्या मुलांशी जुळणं शक्यच नव्हतं. प्रश्न ज्याने लिहिला त्याच्या घरात सगळ्यांचं एकच आडनाव असेल. म्हणून जगभर तसंच असणार! आणि आम्ही? ज्यांच्या नावात मधोमध बाप बसलेला असतो ते आम्ही मराठी लोक रोज शेकड्याने हे फॉर्म बघत होतो, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. माझ्या तर मुळीच नाही. मी लग्नानंतर नाव बदललं नव्हतं, आणि मुलीच्या शाळेतल्या क्लार्कने "आई नक्की आपणच ना?" असं विचारलं तेव्हा मी त्याला अर्धा तास झापलं होतं. इथे मी स्वतःच तो क्लार्क झाले होते.

टीम लीड माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता. पोरगा वाईट नव्हता.

"मॅम, पॉइंट बरोबर आहे तुमचा. पण क्लायंटची गाइडलाइन आहे. आपण फक्त फॉलो करायचं."

"अहो, पण गाइडलाइन चुकीची आहे. मुलांचं खाणं बंद झालंय."

"मग तिकीट रेझ करा ना."

केलं. म्हणजे कॉम्प्युटरवर रीतसर तक्रार नोंदवली. उत्तर आलं, 'कृपया गाइडलाइन पाहावी'. पुन्हा केलं. सात दिवस कुणी काही बोललं नाही म्हणून ते आपोआप बंद झालं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मला फीडबॅकला बोलावून 'इमोशनल होऊ नका' असं सांगण्यात आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार पोरांच्या तोंडचा घास एका रकान्यापायी अडतो आणि भावना आवरायच्या कुणी, तर मी!

घरी बाबांना सांगितलं. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पस्तीस वर्षांत खोट्या कागदावर सही केली नाही, हे आल्यागेल्याला ऐकवणारे. आमचं आडनावही असंच कुणीतरी लिहिलेलं. आजोबांचं मूळ आडनाव पटावर घ्यायला शाळेच्या मास्तरांना नको वाटलं, म्हणून त्यांनी गावाच्या नावाला 'कर' जोडलं आणि मोकळे झाले. पुढे घर बौद्ध झालं, गाव सुटलं, पण मास्तरांचं 'कर' राहिलं.

"मास्तर चांगला होता गं," बाबा म्हणाले. "माझ्या बापाला पुस्तकं दिली त्याने. फक्त विचारलं नाही कधी."

दोन-अडीच महिन्यांनी त्या श्रीमंत देशाच्या मदत खात्याच्या मोठ्या बाई ऑफिस बघायला आल्या. लॉबीत रांगोळी, पाहुण्यांना फेटे, जेवणात उकडीचे मोदक. दारातल्या मोठ्या स्क्रीनवर त्यांचं नाव झळकत होतं. बाई थांबल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाल्या की नाव अर्धंच आहे. त्यांची आडनावं दोन, एक आईकडून, एक वडिलांकडून, दोन्ही लागतात. ॲडमिनच्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. दहा मिनिटांत स्क्रीन बदलली, टेबलावरची पाटी बदलली, फाइलवरचं लेबलसुद्धा नवं आलं. कुणी बाईंना तिकीट रेझ करायला सांगितलं नाही.

हॉलमध्ये त्यांनी प्रश्न विचारा म्हटलं आणि मी उभी राहिले. टीम लीड मान हलवून नको नको म्हणत होता. मी सगळं सांगितलं. पिवळ्या फडक्यातली बाई, चार मुलं, अकरा आठवडे. शेवटी म्हटलं, "आपलं नाव दहा मिनिटांत दुरुस्त झालं, फार बरं वाटलं. तिचंही व्हावं."

बाईंनी मन लावून ऐकलं, वहीत लिहून घेतलं. मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणाल्या, पुढच्या टप्प्यात नक्की विचार करू. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. तो बरेच दिवस लॉबीत लावलेला होता. टप्पा म्हणे! पोटाला कसले टप्पे? मला त्या बाईंचा राग आला, आणि त्या भल्या होत्या याचा जास्त आला. वाईट असत्या तर निदान भांडता आलं असतं.

पुढचा टप्पा काही आला नाही. ती मात्र आली.

एका दुपारी फॉर्म उघडला आणि पिवळं फडकं दिसलं. भुवईवर तोच व्रण. छावणी दुसरी, नोंदणी नवी. मुलं चार, चेहरे ओढलेले. या वेळी पाचही जणांचं शेवटचं नाव एकच होतं. कुणीतरी तिला शहाणं केलं असणार. तिच्या नावातून तिचे बाप-आजोबा गेले होते आणि त्या जागी नवरा आणि नवऱ्याचा बाप येऊन बसले होते. मशीनने हिरवी खूण केली. खरं सांगत होती तेव्हा महिनोन् महिने दाराबाहेर, आणि खोटं सांगितल्याबरोबर आत.

खाली एकच प्रश्न उरला होता. मशीनने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, जुना आणि आजचा, आणि विचारलं: ही यापूर्वी नोंद झालेली व्यक्ती आहे का? 'हो' म्हटलं तर फसवणुकीचा शिक्का, आणि सगळ्या कुटुंबाचं कार्ड कायमचं रद्द. ती तीच होती. आंधळ्यालाही कळलं असतं.

मी 'नाही' दाबलं. आयुष्यात इतकं चिडून मी कुठलंही बटण दाबलेलं नाही.

मशीनने आभार मानले आणि शेवटचा रकाना उघडला: पडताळणी करणाऱ्याचं पूर्ण नाव. मी आधी माझं नाव लिहिलं. मग बाबांचं. मग मास्तरांनी दिलेलं आडनाव. एकही अक्षर न गाळता, पूर्ण.