चार दिवसांचे अकरा ड्रेस

बँकॉकला जायचं ठरलं तेव्हा विमानाच्या तिकिटांच्याही आधी आली ती कपड्यांची यादी. डहाणूत कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी आम्हा सात जणींची चार दिवसांची सहल जमवली होती. व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढल्या काढल्या त्यांनी त्यावर यादी टाकली. पहिला दिवस पांढरा. दुसरा दिवस फुलाफुलांचा. तिसरा दिवस 'बीच'. चौथा ज्याचा त्याचा. रोज संध्याकाळी वेगळा ड्रेस, जाताना आणि येताना 'एअरपोर्ट लुक', आणि एक जादा, लागलाच तर. एकूण अकरा. सहल चार दिवसांची.

मी ग्रुपवर दोनच प्रश्न विचारले. बँकॉक शहरात समुद्रकिनारा नाही, तर बीचचा ड्रेस कुठे घालायचा? आणि एअरपोर्ट लुक म्हणजे काय? पहिल्याला उत्तर म्हणून हसणारे तीन चेहरे आले. दुसऱ्याला उत्तर आलं, "एअरपोर्टवर जसं दिसायचं तसं, ताई." मी एकतीस वर्षं तलासरीच्या डोंगराकडच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. असं उत्तर चौथीतल्या मुलाने दिलं असतं तर मी त्याला परत खाली बसवलं असतं.

यादीच्या खाली सूचना होती, की तिकडे फार उकाडा असतो, तेव्हा 'फ्लोई फॅब्रिक', म्हणजे झुळझुळीत कापड, घ्या. हे आम्हाला सांगत होत्या! नरपडला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. मार्चपासून अंगाला चिकटलेला कपडा सुटतो तो थेट दिवाळीनंतर. उकाड्यात काय घालायचं हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि त्या ज्याला फ्लोई म्हणत होत्या ते सगळं पॉलिस्टर होतं, त्यांच्याच दुकानात टांगलेलं.

मी माझी तयारी माझ्या पद्धतीने केली. तलासरी नाक्याजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं शिवणाचं दुकान आहे. शाळेत असताना गणितात कच्ची होती, पण माप कधी चुकत नाही तिचं. तिच्याकडे सुती कापड घेऊन गेले. तीन कुर्ते, दोन सलवारी. बाह्या कोपरापर्यंत, लांबी गुडघ्याच्या खाली, रंग मळखाऊ. आणि प्रत्येक कुर्त्याला आतून खिसा.

"खिसा केवढा खोल, बाई?" तिने विचारलं.

"पासपोर्ट मावेल एवढा. वर चेन लाव."

"तिकडे चोर लई आहेत का?"

"चोर सगळीकडे आहेत. खिसे फक्त पुरुषांना आहेत."

ती खूप हसली. मग खिसा शिवून झाल्यावर तिने त्यात स्वतःचा फोन घातला, कुर्ता अंगावर धरला आणि दुकानातच दोन उड्या मारून दाखवल्या. फोन पडला नाही. सगळ्या सहलीत माझ्या कपड्यांचं याहून मोठं कौतुक कुणी केलं नाही.

माझ्या शेजारच्या खोल्यांत, म्हणजे एकाच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, माझी धाकटी जाऊ राहते. तीही येत होती. माझ्याहून सात वर्षांनी लहान, बावन्नची. स्वभावाने मऊ, कुणी काही सांगितलं की 'हो' म्हणणारी. ग्रुपवरच्या यादीलाही तिने हो म्हटलं. निघायच्या आदल्या दिवशी तिची बॅग आम्ही वाडीतल्या वजनकाट्यावर ठेवली, ज्याच्यावर आम्ही चिकूचे क्रेट तोलतो. काटा तेवीस दाखवू लागला. परवानगी वीसची होती.

"काढ काहीतरी," मी म्हटलं.

तिने ओट्यावर बॅग उघडली आणि काढलं काय, तर चालायचे बूट, औषधांचा डबा आणि मी मुद्दाम घ्यायला लावलेली जाड चादर. ड्रेस एकही काढला नाही. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मग माझी बॅग काट्यावर ठेवली. सात किलो. मला जे बोलायचं होतं ते तो काटा बोलला होता. मला फार बरं वाटलं. आता आठवलं की त्या बरं वाटण्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

पहिल्या दिवशी पांढरे कपडे घालून सातजणी (सहाजणी खरं तर, मी तपकिरी) बँकॉकच्या नदीकाठी उभ्या राहिल्या. नदी कुणी पाहिली नाही. नदीकडे पाठ करून फोटो काढायचे होते. एक फोटो, मग केस सारखे करून दुसरा, मग एकीचे डोळे मिटले म्हणून तिसरा. मागून लाँच जात होत्या, लाकडाने लादलेले पडाव जात होते, आणि आमच्या बायका आपापल्या फोनमध्ये आपापली हनुवटी तपासत होत्या. दुपारपर्यंत पांढऱ्यावर सरबत सांडलं, घामाने पॉलिस्टर पाठीला चिकटलं, दोघींच्या टाचा नव्या चपलांनी सोलल्या. औषधांचा डबा कुणाकडे होता? माझ्याकडे. मी पट्ट्या दिल्या. प्रत्येक पट्टीबरोबर एक वाक्यही दिलं, ते त्यांना नको होतं.

दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि त्याच्या आवारातलं मोठं देऊळ होतं. त्यासाठीच मी आले होते. महिनाभर वाचून वहीत टिपणं काढली होती. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत हेही वाचलं होतं, आणि ग्रुपवर दोनदा टाकलं होतं. दोन्ही वेळा खाली अंगठे आले होते. अंगठा दाखवणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मला त्या फाटकापाशी कळलं.

फुलाफुलांचा दिवस होता. फाटकावरच्या बाईने आमच्यातल्या चौघींना बाजूला काढलं. एकीचे गुडघे, दोघींचे खांदे, आणि माझ्या जावेचं दोन्ही. तिने निळ्या रंगावर पांढरी फुलं असलेला, बिनबाह्यांचा, गुडघ्याच्या वरच संपणारा फ्रॉक घातला होता. तो मी पहिल्यांदाच बघत होते. हॉटेलातून निघताना तिने वरून ओढणी गुंडाळली होती, ती बसमध्ये काढली असावी.

मी पुढे झाले. माझी मोठी सुती ओढणी तिच्या खांद्यावर टाकली आणि त्या बाईकडे विजयाने पाहिलं. तिने मान हलवली. वरून घेतलेलं चालत नाही, अंगात घातलेलं पाहिजे. शिस्तीने कपडे भरणारी मी, माझीही ओढणी नापास.

समोरच्या दुकानांत हत्तींच्या छापाच्या ढगळ विजारी आणि सदरे टांगलेले होते. आमच्या पुढारी बाई एकदम खुलल्या. "लेडीज, आ तो नवी थीम थई गई!" त्या गुजरातीत ओरडल्या. नियमाने अडवलेल्या तिघी हत्ती घालून आल्या, आणि न अडवलेल्या दोघींनीही हौसेने घेतले. पाचजणी हत्ती फाटकापाशी फोटो काढू लागल्या. देशोदेशीचे लोक आमच्यामुळे खोळंबले होते. मी नजर फिरवली.

माझी जाऊ मात्र दुकानाकडे गेलीच नाही.

"मी नाही येत आत," ती म्हणाली. "तुम्ही जा, ताई. मी बसते बाहेर."

"नाटकं करू नकोस. माझ्या पिशवीत जादा सलवार-कुर्ता आहे. घाल वरून, दोन मिनिटांचं काम."

"तुमचा कुर्ता घालायला मी एवढ्या लांब नाही आले."

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. मी चिडले. तिला एकटीला परक्या शहरात रस्त्यावर सोडता येत नव्हतं. तिला इंग्रजी जेमतेम येतं, आणि फोन बंद पडला असता तर हॉटेलचं नावही सांगता आलं नसतं. बाकीच्या हत्ती आत गेल्या. माझी टिपणांची वही पिशवीत आणि मी झाडाखालच्या बाकावर, त्या निळ्या फ्रॉकच्या शेजारी. सोनेरी कळस भिंतीवरून दिसत होते. तेवढेच मी पाहिले.

मी म्हटलं, "या वयात हे कशाला हवं होतं तुला?"

ती समोर बघत होती. म्हणाली, "गुलाबी गाऊन आठवतो तुम्हाला?"

मला आठवला नाही.

"माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आईने माहेरून दिला होता. मी तो घालून संध्याकाळी ओट्यावर मोगरा ओवत बसले होते. तुम्ही शाळेतून आलात. जीपमधून उतरलात, आणि आत यायच्या आधीच म्हणालात, हे असलं घालून बाहेर बसायचं नाही, आपल्या घराला शोभत नाही."

"सासूबाई म्हणाल्या असतील."

"नाही. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. त्या माझ्यासमोरच बसून फुलं निवडत होत्या. तुम्ही म्हणालात."

मग मला आठवलं. गाऊन नाही आठवला, पण ती एकदम उठून आत गेली आणि फुलं ओट्यावर पसरली, ते आठवलं. मी त्या काळी सगळ्यांनाच सांगत असे. शाळेत मुलींच्या ओढण्यांना पिना लावून देत असे आणि त्याला शिस्त म्हणत असे. घरी आले तरी माझी शाळा सुटत नसे.

"मग काय केलंस त्याचं?"

"पुसणी केली," ती म्हणाली. "कापड चांगलं होतं. खूप दिवस टिकली."

ती रागाने बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती नुसती माहिती दिल्यासारखं बोलत होती. मी माफी मागितली नाही. ते शब्द माझ्या तोंडात सहज येत नाहीत, आणि बाकावर बसून जमवाजमव करून म्हटले असते तर तेही त्या फोटोंसारखेच झाले असते. मी उठले, कोपऱ्यावरच्या गाडीवरून पेरूच्या फोडी आणल्या, तिखटमीठ लावलेल्या. आम्ही त्या खाल्ल्या. पेरू घरच्यासारखाच होता, तिखट कमी होतं.

दोन तासांनी बाकीच्या बाहेर आल्या. आत काय होतं, मी विचारलं. "एकदम मस्त, सगळं गोल्डन," पुढारी बाई म्हणाल्या. देवाची मूर्ती कशाची होती? एकीने सांगितलं सोन्याची, दुसरी म्हणाली काचेची असावी, तिसरीने फोनमध्ये शोधून पाहिलं, पण आत फोटो काढू देत नव्हते, म्हणून तिला सांगता येईना. फोटो नाही तर आठवण नाही. माझ्या वहीत उत्तर लिहिलेलं होतं. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी नदीतल्या बोटीवर माझी जाऊ म्हणाली, "एक फोटो काढाल?" मी काढला. पूर्ण उभी, चप्पल ते केस, फ्रॉक वाऱ्याने थोडा फुगलेला, आणि मागे नदी. नदी मी मुद्दाम घेतली. तिने पाहिला, पुन्हा पाहिला. "ग्रुपवर टाकू नका," म्हणाली. तिच्या उरलेल्या ड्रेसांपैकी निम्मे तिने बॅगेतून काढलेही नाहीत. तो एकच फ्रॉक तिला घालायचा होता. बाकीचे त्याच्यासाठी आडोसा म्हणून आणले होते. एवढं साधं मला वजनकाट्यावर दिसलं नव्हतं.

परतल्यावर दोन दिवसांनी सकाळी मी मागच्या दारी गेले, तर तिच्या दोरीवर जुनी साडी पसरलेली आणि साडीच्या आत काहीतरी निळं. फ्रॉक तिने साडीखाली वाळत घातला होता. तेवढ्यात माझे दीर वाडीतून आले. पाय धुताना त्यांनी साडीचा पदर बाजूला सारला, टॉवेल शोधत होते बहुधा.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा मला दिसला. मी बोलायला तोंड उघडलं, आणि कसं कोण जाणे, मिटलंही.

"माझं," ती म्हणाली. "बँकॉकला घातलं होतं."

दिरांनी फ्रॉककडे पाहिलं. मग हात पुसत म्हणाले, "बरं. चहा ठेव."

एवढंच. त्या गुलाबी गाऊनची पुसणी झिजून संपली, आणि त्यानंतरही तिने दुसरा गाऊन आणला नाही. मी इतकी वर्षं स्वतःला घराची अब्रू सांभाळणारी समजत राहिले. आणि ज्या माणसाच्या घराची ती अब्रू, त्याचं त्यावरचं मत होतं 'बरं'. मला हसू येईना. मला दिरांचाही राग आला, माझाही, आणि सगळ्यात जास्त त्या चहाचा. फ्रॉक घालून आलेल्या बाईलाही चहा ठेवायचाच होता.

तिने ठेवला. माझ्यासाठीही एक कप आणला. फ्रॉकवरची साडी तिने काढून घडी केली आणि आत ठेवली, आणि आम्ही चहा प्यायलो तोपर्यंत उन्हाने फ्रॉक वाळून गेला होता.