भुरूचं पाणी

नवं राज्य झालं आणि भावना रामटेकेचं पाणी तुटलं. नळाचं नव्हे, रायपूरच्या पुरानी बस्तीतला नळ यायचा तसा सकाळ-संध्याकाळ येतच होता. तुटलं ते तिचं पिण्याचं पाणी. भोपाळहून फायलींचे ट्रक आले, साहेब आले, साहेबांच्या नावाच्या पाट्या आल्या, आणि जिल्हा कचेरीत इतकी वर्षं सुखाने टाइप करत बसलेल्या भावनाला उचलून एका नव्या संचालनालयात नेऊन बसवलं. संचालनालय म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्याकडून भाड्याने घेतलेली दुमजली इमारत. राजधानी घाईत उभी राहिली होती. त्या घाईत बायकांनाही लघवीला जागा लागते, हे एवढ्या शहाण्या माणसांत एकालाही सुचलं नाही. एक संडास साहेबांच्या खोलीला लागून होता. दुसरा खाली, सगळ्या पुरुषांचा, आणि त्याला कडी नव्हती.

भावना तक्रार करणाऱ्यांतली नव्हे. तिने आधी सकाळचा चहा सोडला, मग पाणी सोडलं. निघताना ओठ ओले करायचे, डबा खाताना एखादा घोट घ्यायचा, आणि संध्याकाळी लुना फाटकात लावून तडक मोरीत शिरायचं. पाय धुणं, पिशवी ठेवणं, सासूशी बोलणं, सगळं त्यानंतर. नव्याने लागलेल्या पोरी कुरकुरल्या की ती त्यांना समजावायची की सवय केली की सगळं जमतं, आपल्याला बघा काही झालं का. पोटात अधूनमधून कळ यायची, तिचा उल्लेख ती करत नसे. खरं सांगायचं तर तिला या गोष्टीचा अभिमानच होता.

तर अशा बाईच्या घरी भुरू आला. तिचा नवरा प्रफुल्ल भिलाईला कारखान्यात होता, खोली तिकडेच, सुट्टीला तेवढा रायपूरला यायचा. एकदा त्याने पिशवीतून हे भुरकट पिल्लू आणलं आणि आठवडाभर ठेव, मित्राला द्यायचं आहे, असं सांगितलं. मित्र काही उगवला नाही. भावनाला कुत्री आवडत नसत, आणि हे तिने भुरूलाही स्पष्ट सांगितलं होतं. पण त्याने काय केलं, तर गल्लीच्या वळणावर लुना वळली की तो फाटकाशी येऊन उभा राहायला लागला. मुलगा नागपूरला होस्टेलमध्ये, सासू भीमाबाई त्या वेळी टीव्हीसमोर. घरी येताना आपली कुणी वाट पाहतं, हे भावनाच्या अंगवळणी नव्हतं. तिचा जीव त्याच्यावर जडला, आणि जडला तसा घोरही लागला.

कारण भुरू गळायचा. लहान होता तोवर सगळे म्हणाले, लहान आहे. मग तो वाढला, आवाज फुटला, शेजाऱ्यांच्या खांबापाशी ऐटीत तंगडी वर करायला लागला. जागेपणी चुकूनही घरात करायचा नाही. पण झोपला की त्याच्या नकळत खालचं पोतं ओलं. जाग आली की तो स्वतःच दचकायचा, वास घ्यायचा आणि मान खाली घालून खाटेखाली सरकायचा. पोटाखालचे केस सदा दमट, कातडी लाल झालेली. भावनाने जुन्या साड्यांच्या घड्या घातल्या, खाली प्लास्टिक अंथरलं, प्रफुल्लच्या बनियनचा लंगोट शिवला. लंगोट त्याने दुपारपर्यंत फाडला. भीमाबाई दिवसभर फिनाईलचं फडकं फिरवत त्याच्या नावाने बोटं मोडायच्या, आणि तो निजायचा मात्र त्यांच्याच जुन्या लुगड्यावर.

वर घरमालकीण मायादीदी राहायची. बाई मनाने वाईट नव्हती. आडनाव ऐकून खोली नाही म्हणणाऱ्या कितीतरी गल्ल्या भावनाने पाहिल्या होत्या. मायादीदीने काही न विचारता चावी हातात ठेवली होती. पण आता राजधानी झाल्यापासून रोज कुणीतरी पेटी घेऊन खोली विचारत दारात यायचं, आणि खालचा वास तिच्या देवघरापर्यंत जायला लागला होता. उन्हाळा लागता लागता ती जिन्यात थांबून शांतपणे म्हणाली, "गर्मी भर देख लेती हूँ, भावना. उसके बाद या तो कुत्ता, या आप लोग."

भावनाला खोली सोडायची नव्हती आणि भुरूला तर नव्हतंच सोडायचं. रात्रभर तळमळली आणि सकाळी तिला आपलाच उपाय सुचला. सवय.

भुरूचं भांडं उचललं. सकाळी वाटीभर पाणी, संध्याकाळी वाटीभर. मोरीचं दार ओढून घ्यायचं. तो बादलीकडे वळला की बोट वर करून "हं!" म्हणायचं. भीमाबाईंना हे मुळीच पटलं नाही. "एवढी ऊन तापून राहिली," त्या म्हणाल्या, "मुक्या जीवाले काहून तहानलेलं ठेवतं?"

"मी राहतोच ना, आई," भावना म्हणाली. "मले काय झालं?"

भुरू हुशार होता, फार लवकर शिकला. पाण्याजवळ जायचा, मान वळवून भावनाकडे बघायचा, तिने नकाराची मान हलवली की जीभ आत घेऊन परत यायचा. ती घरी नसतानासुद्धा बादलीला तोंड लावेना, असं भीमाबाईंनीच नाइलाजाने कबूल केलं. ऑफिसात भावनाने हे कौतुकाने सांगितलं.

आणि उपाय लागू पडला. पोत्यावरचा डाग आधी लहान झाला, आणि एका सकाळी पोतं कोरडं. भावनाने तळहात फिरवून फिरवून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही कोरडं. ती स्वतः जिना चढून मायादीदीला सांगून आली. मायादीदी खूश झाली, तिने वाडगंभर बड्या, म्हणजे घरच्या कोहळ्याचे सांडगे, दिले. भुरू खांबापाशी तंगडी वर करून फार वेळ उभा राहतो आणि जमीन कोरडीच राहते, हे भावनाच्या नजरेत आलं होतं. तिला वाटलं, उगाच रेंगाळतो. जेवला नाही, तर वाटलं उन्हाने. सारखा स्वतःला चाटत होता, तेही तिने उन्हावरच घातलं.

मग एका संध्याकाळी लुना वळणावर वळली आणि फाटकात कुणी नव्हतं.

भुरू खाटेखाली होता. ओकला होता. पोटाला हात लावला तर टणक, आणि हात लावताच तो कण्हला. त्या दिवशी भावना मोरीत गेलीच नाही. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर अच्युत देवांगन संध्याकाळी घरी बघायचे. तिने ऑटो थांबवला, भीमाबाईंनी भुरूला लुगड्यासकट मांडीवर घेतलं, आणि ऑटो सदर बाजारात जाऊन अडकला. पुढे स्कूटर, मागे स्कूटर, सराफाच्या दुकानापुढे लग्नाच्या खरेदीला आलेली सगळी वरात. भावना त्याच्या बरगड्या वरखाली होताना बघत होती. मधे त्या थांबल्यासारख्या वाटायच्या.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लघवी कधीपासून बंद आहे ते विचारलं. भावना घाईघाईने सांगू लागली की बंद नाही, उलट सुधारला आहे, आधी गळायचा, आता पोतं अगदी कोरडं असतं. बोलता बोलता तिचा आवाज खाली गेला.

"सूखा इसलिए है," डॉक्टर म्हणाले, "कि रास्ता बंद है."

त्यांनी बारीक नळी घातली. ती मधेच अडली. आत रेतीसारखं काही साचलं होतं. त्यांनी नळीतून पाणी मारलं, पुन्हा मारलं, भुरू पाय झाडत होता आणि भीमाबाई त्याचं डोकं छातीशी धरून होत्या. शेवटी नळी सरकली आणि गडद, लालसर लघवी ट्रेमध्ये पडायला लागली. थांबेचना. एवढ्याशा जिवाने एवढं आत धरून ठेवलं होतं.

पाणी किती पितो, असं डॉक्टरांनी विचारलं. भीमाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, उन्हाळ्यानं जरा कमीच पेते, साहेब. भावनाला ते सोसलं नाही. ती म्हणाली, "मैंने बंद किया था. मैंने ही."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं की गळणं हे जन्माचं कच्चेपण आहे, सवयीशी त्याचा काही संबंध नाही. गोळ्या देऊ, थोडं कमी होईल, पूर्ण जाईल असं नाही; स्वच्छ ठेवा, कपडे बदला. पण पाणी तोडलं की लघवी दाट होते, त्यात हे खडे धरतात. धोका अजून टळला नव्हता. त्याने उद्या प्यायला हवं होतं आणि बाहेर टाकायला हवं होतं. नाही टाकलं तर चिरावं लागेल, आणि एवढ्या अशक्त कुत्र्याला ते झेपेल याचा भरवसा ते देऊ शकत नव्हते. निघताना म्हणाले, "कल सूखा मिले तो खुश मत होना."

दुसऱ्या दिवशी भावना ऑफिसला गेली नाही. भांडं काठोकाठ भरून भुरूपुढे ठेवलं. तो धडपडत उठला, पाण्याचा वास घेतला, मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि परत जाऊन आडवा झाला.

तिने भांडं पुढे सरकवलं. त्याने तोंड फिरवलं. चमच्याने घालून पाहिलं, त्याने दात मिटून घेतले. भीमाबाईंनी पाजून पाहिलं, तो त्यांच्या खांद्यावरून भावनाकडेच बघे. तू समोरून जाय, असं त्यांनी सांगितलं तेव्हा ती गल्लीत जाऊन उन्हात उभी राहिली. तरी नाहीच. फार पक्कं शिकवलं होतं तिने. मधे मायादीदी जिन्यावरून विचारायला आली. भावनाने तिला उघडच सांगून टाकलं की हा जगला तर जन्मभर असाच गळणार. मायादीदी दारातून भुरूकडे बघत राहिली. "हव," ती मान डोलावत म्हणाली, "पहले बच तो जाए."

ऊन चढत चाललं. भुरूच्या हिरड्या कोरड्या पडल्या होत्या. भावनाला रडू फुटलं, आणि रडतारडता ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. स्वतःचा पेला भरला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पिऊ लागली. सबंध पेला. मग दुसरा. दिवसाच्या या वेळी इतकं पाणी ती कित्येक दिवसांत प्यायली नव्हती, पोटात दुखायला लागलं. भुरू तिच्या गळ्याकडे बघत होता. तिने ओली बोटं त्याच्या नाकाशी नेली. त्याने चाटली. मग ओंजळ. मग भांडं. लपलप दोन घोट घ्यायचा आणि वर बघायचा. "पी ना," ती म्हणायची, "पी, राजा." तो पुन्हा बघायचा. भांडं रिकामं होईपर्यंत ती मान डोलावत राहिली.

मग नुसतं थांबणं. भुरू भीमाबाईंच्या लुगड्यावर झोपला. भावनाने तळहात त्याच्या पोटाखाली सरकवून ठेवला. कोरडं. भीमाबाई शेजारी बसल्या होत्या, टीव्ही बंद होता. कोरडंच. आता पुन्हा सदर बाजारातून त्याला न्यायचं, पुन्हा ती नळी, आणि चिरायचं म्हणाले तर... तिच्याच्याने पुढचा विचार होईना. त्यात तिला स्वतःला जोराची लागली होती. ती मांड्या आवळून बसून राहिली.

भीमाबाईंच्या ते ध्यानात आलं. "जाऊन ये तू," त्या म्हणाल्या. "मी ठेवतो हात."

"थांबतो मी, आई. मले सवय हाय."

"हेच शिकवलं ना तू त्याले," भीमाबाई हळूच म्हणाल्या.

भावनाने हात काढून घेतला, ती उठली आणि मोरीत गेली. परत आली तेव्हा भीमाबाईंच्या अंगावरच्या लुगड्यापर्यंत ओल आली होती, आणि भुरू जागा होऊ नये म्हणून त्या जागच्या हलल्या नव्हत्या.