चार नंबरचा ग्लास

कौमुदी देवस्थळीच्या बिअरला तुपाचा वास यायचा, आणि तिला त्याचा अभिमान होता.

दिवाळीच्या फराळाला किंवा कुणाच्या बार्बेक्यूला तिच्या बाटल्या आल्या, की सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगची मराठी मंडळी ग्लास नाकाशी धरून म्हणत, "आहाहा! लोणी कढवलंयस की काय!" कौमुदी वरवर "काहीतरीच काय" म्हणे, पण मनातून सुखावे. असली बिअर दुकानात मिळत नाही, ती फक्त आपल्या गराजमध्ये होते, याची तिला खात्री होती.

ती मूळची सांगलीची. माहेरी कुणी दारूच्या थेंबाला शिवलेलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी ती इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, मायक्रोबायॉलॉजी शिकायला आली. डिग्री मिळाली, पण नोकरी मिळाली ती हॉस्पिटलात, ऑपरेशनची अवजारं धुऊन निर्जंतुक करण्याच्या विभागात. तात्पुरती म्हणून धरलेली ती नोकरी सतरा वर्षं टिकली, आणि खरं सांगायचं तर तिला आवडलीही. नवरा यतीन किनाऱ्यालगत सिडनीपर्यंत जाणाऱ्या ट्रेनवर गार्ड होता.

बिअरचा नाद लागला तो शेजारच्या अ‍ॅलेकमुळे. जन्मभर स्टीलवर्क्समध्ये राबलेला म्हातारा मुलीकडे क्वीन्सलंडला राहायला निघाला, तेव्हा आपली प्लास्टिकची मोठी बादली, नळ्या आणि बाटल्यांचे चार क्रेट कौमुदीच्या दारात ठेवून गेला. "तू यीस्ट शिकलीयस ना? मग ही तुझीच," एवढंच म्हणाला. पहिल्यांदा बादलीच्या झाकणावरची नळी बुडबुडायला लागली, तेव्हा कौमुदी अर्धा तास स्टूल टाकून बघत बसली होती. कॉलेजात जे यीस्ट काचेखाली पाहिलं, ते इथे जिवंतपणी कामाला लागलं होतं.

सहा वर्षं असं चाललं. मग यतीनच म्हणाला, "एवढं कौतुक होतंय तर ब्रुअरी का काढत नाहीस?" तिने हसण्यावारी नेलं, पण विचार डोक्यातून जाईना. सिडनीच्या पश्चिमेला एका ब्रुअरीच्या मागच्या शेडमध्ये पाच दिवसांचा कोर्स असतो, असं तिला कळलं. तिने आठवड्याची रजा टाकली.

कोर्सला अकरा जण होते. बहुतेक दाढीवाले, आणि बहुतेकांच्या भावी ब्रुअरीचं नाव आधीच ठरलेलं. ब्रेंट नावाच्या सुताराने तर टीशर्टसुद्धा छापून घेतले होते. शिकवणारी ग्लेनिस साठीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, फार न बोलणारी बाई. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांच्या हातात ब्रश दिले आणि टाकीच्या आत उतरायला लावलं. "ज्याला बिअर बनवायची आहे त्याने आधी धुवायला शिकावं," ती म्हणाली. दुपारपर्यंत दाढीवाल्यांचे चेहरे उतरले. कौमुदीला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. कोणता कोपरा हाताला लागत नाही, साबण कुठे अडून राहतो, हे तिला न सांगता कळत होतं. ग्लेनिसने तिच्या टाकीत टॉर्च मारून पाहिला आणि नुसती मान हलवली. त्या दिवशी ट्रेनमध्ये कौमुदी जवळजवळ गुणगुणत घरी आली.

दुसऱ्या दिवशी चव घेण्याचा पाठ होता. प्रत्येकाने घरून दोन बाटल्या आणायच्या होत्या. ग्लेनिसने त्या आत नेल्या आणि बिननावाचे, नुसते नंबर घातलेले ग्लास मांडले. वास घ्यायचा, घोट घ्यायचा, वाटेल ते लिहायचं. ओळीतलं कधी एक चाखायचं, कधी दोन सोडून पुढचं, असं चाललं होतं. मध्ये ग्लेनिसने बाजारातल्या उत्तम बिअरही मिसळल्या होत्या. दहा-बारा स्वच्छ, कोरड्या घोटांनंतर जीभ धारदार झालेली असताना कौमुदीने चार नंबरचा ग्लास उचलला आणि नाक मुरडलं. तिने लिहिलं: 'शिळं लोणी. घशात चिकटतं. घाई केली आहे.'

ग्लेनिसने कागद गोळा करून एकेक वाचायला सुरुवात केली. चार नंबरला सात जणांनी लोणी लिहिलं होतं. "बरोबर," ती म्हणाली. "हा दोष आहे. घाई केली आहे, असं ज्याने लिहिलं त्याचं नाक सगळ्यांत चांगलं. ही बाटली कुणाची?" आणि तिने झाकण वर धरलं. झाकणावर तिच्या लेकीने, ईशानीने, रंगवलेलं छोटं निळं फूल होतं.

कौमुदीने हात वर केला. कान तापले होते. कुणी हसलं नाही, तेच तिला जास्त लागलं.

घरी येऊन तिने यतीनला जेवायच्या आधीच गाठलं. "खरं सांग. माझी बिअर तुला कशी लागायची?"

यतीनने चपात्यांचा डबा उघडला. "चांगली. पहिला ग्लास चांगला. दुसऱ्यानंतर जड व्हायची."

"मग सहा वर्षांत बोलला का नाहीस?"

"सगळे वा वा करत होते. मी एकटा कसा बोलणार? मला वाटलं, माझंच तोंड खराब असेल."

सतरा वर्षांची ईशानी फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "आई, ॲट लीस्ट यू कॉट इट युअरसेल्फ." कौमुदीला हसू आलं. रडूही आलं असतं, पण हसू आधी आलं.

तिसऱ्या दिवशी जावं की नाही, असा विचार तिने पहाटेपर्यंत केला. मग गेली, आणि गेली हे बरं झालं. ग्लेनिसने फळ्यावर काही न लिहिता साधं सांगितलं: तो लोण्याचा वास यीस्टच तयार करतं आणि पुढे तेच तो खाऊनही टाकतं, पण त्यासाठी त्याला शेवटी दोन-तीन दिवस उबेत राहू द्यावं लागतं. कौमुदी शुक्रवारच्या पाहुण्यांसाठी बादली गुरुवारीच फ्रीजमध्ये ढकलायची. काम अर्धवट राहिलेलं यीस्ट थंडीने झोपून जायचं. म्हणजे ज्याला ती आपली खासियत समजत होती, ती नुसती घाई होती.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपला बेत सांगायचा होता. ब्रेंट उभा राहिला आणि म्हणाला, "मी ब्रुअरी काढत नाही. मला बिअर प्यायला आवडते, फरशा धुवायला नाही. बायकोला फोन करून सांगितलं, ती देवाचे आभार मानतेय." शेड हसून दणाणली. कौमुदीची पाळी आली तेव्हा तिने बेत सांगायच्या ऐवजी विचारलं, "ग्लेनिस, मला जमेल का?"

"पाच दिवसांत मी तुला एवढंच दाखवू शकते की तुला काय येत नाही," ग्लेनिस म्हणाली. "बाकीचं शिकायला कुणाच्या तरी ओल्या फरशीवर वर्षभर उभी राहा."

कौमुदीने ते शब्दशः घेतलं. पोर्ट केंब्लाच्या रस्त्यावर अँटन नावाच्या माणसाची लहानशी ब्रुअरी होती. दर शनिवारी येऊन धुते, असं तिने त्याला सांगितलं. अँटनला वाटलं, दोन आठवड्यांत कंटाळेल. पण ती हिवाळाभर आली. त्याच वेळी त्याच्या तीन नंबरच्या टाकीतली बिअर पुन्हा पुन्हा आंबट निघू लागली. यीस्ट बदललं, पाणी तपासलं, उपयोग शून्य. कौमुदीने एका शनिवारी टाकीचा नळ पुरता सुटा केला. हॉस्पिटलात ती कात्र्या जशा सांधासांधा उघडून धुवायची, तसाच. आतल्या रबरी वायसरच्या मागे करड्या रंगाचा बुळबुळीत थर होता. ती तो पांढऱ्या फडक्यावर घेऊन अँटनसमोर गेली.

अँटनने फडकं उजेडात धरून पाहिलं. "मेट," तो म्हणाला, "छोटी टाकी महिन्यातून एकदा तुझी. तुला हवं ते बनव."

त्या टाकीत तिने पहिल्यांदा मोजूनमापून, दिवस हातात ठेवून बिअर केली. पहिली पाणचट झाली. दुसरी बरी. पाचवी अँटनने आपल्या काउंटरवर लावली आणि रविवारपर्यंत ती संपली. अशी दोन वर्षं गेली. मग शेजारचं शेड रिकामं झालं. कौमुदीने हॉस्पिटलातले दिवस कमी करून तीनवर आणले, यतीनने परवान्यासाठीच्या कौन्सिलच्या फॉर्मांचा ढीग आपल्या अंगावर घेतला, आणि अँटनने दोन जुन्या टाक्या दिल्या. काउंटर ब्रेंटने बनवला, लाल गम या इथल्या निलगिरीच्या लाकडाचा. "कोर्सचं हे एवढं तरी चीज होऊ दे," म्हणाला.

सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलहून नुपूर नावाच्या मुलीचा फोन आला तो याच सुमारास. आयटीत होती, बाल्कनीत बिअर करायची. "कौमुदीताई, कोर्स केला तर ब्रुअरी निघते का?"

"कोर्सने ब्रुअरी निघत नाही गं," कौमुदी म्हणाली. "अकरांतली माझी एकटीची निघतेय, तीही तीन वर्षांनी. पण तू जा. तुझे मित्र तुला जे सांगणार नाहीत, ते तिथे कळतं. मग ठरव."

उघडण्याच्या दिवशी, मार्चमधल्या एका शनिवारी, आर्वोला, म्हणजे दुपारी, माणसं यायला लागली ती थांबेनात. हॉस्पिटलातल्या नर्सेस, यतीनच्या ट्रेनवरचे लोक, गणपतीला भेटणारी सगळी मराठी मंडळी. कुणीतरी फलक वाचून नाराजीने विचारलं, "अगं, नुसती पेल एल? आंबा नाही, मसाला नाही? यात इंडियन काय?"

"मी," कौमुदी म्हणाली आणि ग्लास भरून पुढे सरकवला.

त्या माणसाने घोट घेतला, आणि थोड्या वेळाने रिकामा ग्लास घेऊन पुन्हा रांगेत उभा राहिला. ईशानी गल्ल्यावर होती. यतीन खुर्च्या कमी पडल्या म्हणून अँटनकडून बाकं ओढून आणत होता. बाहेर उन्हाचा कडकपणा उतरला होता, आणि दारातून समुद्रावरचा वारा आत येत होता. कौमुदीने दोन मिनिटं हात पुसून भिंतीला पाठ टेकली. पाय दुखत होते, पण कुठे जायची घाई नव्हती. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि ती नळाकडे गेली.