रावसाहेबांसाठी कवळी

गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीकाकांच्या हातचं होतं. दातांच्या दवाखान्यांतून मापं यायची आणि काका मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचे. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आणि टेबलाखाली रावसाहेब. म्हणजे त्यांचा तेरा वर्षांचा तपकिरी कुत्रा, जरा आढ्यतेखोरच.

रावसाहेबांना नोकरी एकच. संध्याकाळी काकांनी दिवा मालवला की त्यांची चप्पल तोंडात धरून आणायची आणि पायाशी टाकायची. मग दोघे फिरायला निघायचे. चपलेवर दातांची नक्षी उमटायची नि काका रोज करवादायचे, "अरे, चप्पल आहे की हाड?" गेले दोन महिने मात्र चप्पल आली नव्हती. रावसाहेबांच्या तोंडाला वास येत होता आणि वाडगं पुढे ठेवलं की ते मान फिरवत होते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ओठ वर करून पाहिला. "हिरड्या पार गेल्यात. दात काढावे लागतील. भूल द्यावी लागेल, पण आधी रक्त तपासून, जपून देऊ."

"या वयात भूल? आणि उठलाच नाही तर?" काकांनी साखळी धरली नि तडक घर गाठलं. दुखरा दात ठेवू नका, असं अख्ख्या गावाला बजावणारा हा माणूस स्वतःच्या कुत्र्यापाशी पुरता भित्रा निघाला.

कवळी करणाऱ्याला सुचणार काय, कवळीच! खाता येत नाही ना, मग दातच बसवू. सुनेने कपाळावर हात मारला. "बाबा, कुत्र्याला कवळी? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी आपापले दात सांभाळावेत. तू त्याचं डोकं धर."

काकांनी मापाचा गुलाबी लगदा कालवला आणि रावसाहेबांच्या वरच्या जबड्याला लावला. रावसाहेब ना गुरगुरले, ना चावले. नुसते काकांकडे बघत राहिले. लगदा घट्ट झाल्यावर काकांनी तो ओढून काढला, तर त्यात मागच्या दोन दाढा मुळासकट अडकून आलेल्या. काकांनी त्या दाढा तळहातावर घेतल्या. "हे काय केलं मी!"

रावसाहेबांनी जीभ फिरवली, ते पाणी प्यायले आणि अर्ध्या तासात त्यांनी वाडगं चाटूनपुसून साफ केलं.

काका बघतच राहिले. "याला दात नकोच होते गं," ते सुनेला म्हणाले. "हे जायला हवे होते. मी माझ्याच भीतीपायी त्याला दोन महिने दुखत ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रावसाहेबांचे उरलेले दात काढून घ्यायला ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात हजर झाले. चार तास बाकावर बसून राहिले, सुनेने आणलेला चहा गार झाला. शेवटी आतून नखांचा टकटक आवाज आला आणि रावसाहेब झोकांड्या खात, जीभ एका बाजूला लोंबवत बाहेर आले.

पंधरवडा गेला. एका संध्याकाळी काकांनी दिवा मालवला नि चप्पल शोधायला वाकले. तेवढ्यात ती पायाशी येऊन पडली, लाळेने चिंब. काका सवयीने करवादायला गेले, पण चपलेवर होत्या त्या सगळ्या जुन्याच खुणा. नवी एकही नव्हती. त्यांनी त्या खुणांवरून अंगठा फिरवला, डोळे पुसले आणि ती ओली चप्पल तशीच पायात घातली.