देवी टोचणारा नास्तिक

"टोचू का?" असं विचारून ते खरोखरच उत्तरासाठी थांबायचे. समोर सहा वर्षांचं पोर, त्याला घट्ट धरलेली आई, रांगेत आणखी वीसजण, आणि हे टोचणी हवेत धरून उभे! पोर मान हलवून "नाई" म्हणायचं. मग दोघांची बोलणी सुरू. "दंड तुहा हाय बे, तुले इचारल्याशिवाय कसा टोचू?" शेवटी पोरच कंटाळून दंड पुढे करायचं.

साखरखेर्ड्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. गावोगाव सायकलवर जाऊन देवीची लस टोचणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना 'देवीवाले भाऊ' म्हणत. गंमत अशी, की देव ते मानतच नव्हते. "लोक देवीले नारळ देतात, मले देवी पगार देते," असं स्वतःच सांगून हसायचे.

वहिनी मात्र मंगळवार-शुक्रवार कडक पाळणाऱ्या. त्यांचं पूजेचं ताट भाऊ देवळापर्यंत धरायचे आणि बाहेर चपला सांभाळत बसायचे. "पायरीच्या आत तुही हद्द, भाईर माही."

मी साताऱ्याकडची, गुरुवार करणारी. एकदा त्यांना कोंडीत पकडायचं म्हणून विचारलं, "भाऊ, पोर शेवटपर्यंत नाहीच म्हणालं तर?"

"तं धरून टोचतो."

"मग विचारायचं नाटक कशाला?"

त्यांनी डोकं खाजवलं. "त्याले देवी झाली तं शेजारचं पोरगंही जाईल, म्हणून टोचतो. पण मी जबरदस्ती करून राह्यलो, हे मले तं समजलं पायजे ना बाई. म्हणून इचारतो."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी साध्या गोष्टीचा फार विचार करतात. आपल्याला हसू येतं, आणि अडचण आली की आपण त्यांच्याच दारात जाऊन उभे राहतो. मी तशीच गेले.

गर्भपाताचा नवा कायदा नुकताच आला होता. कागद दवाखान्यात येऊन पडला होता, पण त्यावर बोलायला कुणी तयार नव्हतं. अशात शेवंता आली. चार लेकरांची आई. चौथ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं होतं, की आम्ही तिची आशा सोडली होती. आता तिसरा महिना. सोबत सासू होती आणि सगळं बोलणं सासूच करत होती. "जीव देवानं देला. पाडलं तं पाप लागंल. ताकदीचं औषध द्या." शेवंता जमिनीकडे बघत होती. डॉक्टर रजेवर होते. मी दोघींना बाजाराच्या दिवशी बोलावलं आणि तडक भाऊंना गाठून सगळं सांगितलं.

"तुम्हाला काय, सोपं आहे," मी म्हणाले. "देव नाही, म्हणजे पापही नाही."

त्या माणसाला रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "सोपं? सोपं तुमाले हाय, बाई! तुमचं चुकलं तं देव माफ करते. माहं चुकलं तं मले माफ कराले कोन हाय?"



पुढचे तीन दिवस भाऊंनी गावभर चौकशी केली. नाव न घेता, "समजा एक बाई हाय" असं म्हणून. कीर्तनकार बुवांना विचारलं. शिंपीकाम करणाऱ्या रहीमचाचांना विचारलं. पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तरांना विचारलं. बुवा म्हणाले, "कोणती बाई?" भाऊ म्हणाले, "समजा म्हटलं ना!" बुवांचं मत पाप. रहीमचाचा म्हणाले, "आईची जान जात असेल, तर आधी आई." हेडमास्तरांनी दोन तास इंग्रजी पुस्तकातलं वाचून दाखवलं आणि शेवटी स्वतःचं मत द्यायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी चहा घेत असताना त्यांनी हे सगळं वहिनींपुढे मांडलं. "जीव तं हाय. नाही कसा म्हनू? पन पोट पाडाले काडी घातलेल्या एका बाईले मी बैलगाडीत मरताना पाह्यलं. तिचाही जीवच होता."

वहिनी भाकरी थापत होत्या. न थांबता म्हणाल्या, "साऱ्या गावाले इचारलं. तिले इचारलं का?"

भाऊंचा चेहरा असा झाला, की मला हसू आवरेना. पोरासोरांना विचारल्याशिवाय न टोचणारा हा गृहस्थ!

बाजाराच्या दिवशी दोघी आल्या. भाऊ टोचणी घेऊन तयारच होते. "आजी, तुमची लस जुनी झाली. भाईर या." सासूबाई दंड झाकून "नाई" म्हणाल्या, आणि बाहेर बोलणी सुरू झाली. ती त्यांनी अर्धा तास लांबवली. आत शेवंतानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "बाई, मले भेव वाटते. घरी चार लेकरं हायेत. त्याइले माय पायजे."

डॉक्टर परतल्यावर जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. बुलढाण्याला मी सोबत गेले. शेवंता सुखरूप घरी आली. सासू आमच्याशी वर्षभर बोलली नाही. "टोचलं म्हणून," भाऊ म्हणायचे.

गावात मात्र असली कामं करून देणारे म्हणून भाऊंचं नाव झालं. पुढच्या उन्हाळ्यात एक शिकलेला तरुण बायकोला घेऊन थेट त्यांच्याकडेच आला. दोन मुलं आहेत, तिसरं नको, कायदा आहे, करून टाका म्हणाला. भाऊंनी बायकोला विचारलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "मले पायजे."

"झालं मंग," भाऊ म्हणाले. "जा घरी. दूध पाज तिले."

तरुण चिडला. "अहो, तुम्ही तर नास्तिक ना?"

"म्हनूनच तं. तिच्याहून वर, ज्याले इचारावं, असा कोनी देव माह्याजवळ नाही."

काही वर्षांनी देवी हा रोगच देशातून गेला. भाऊंची बदली मलकापूरकडे झाली. एसटीच्या टपावर त्यांची ट्रंक चढली. दोघं आत बसले, भाऊ खिडकीशी. मी खाली उभी होते. इतकी वर्षं मनात असलेलं मी तेव्हा विचारलं, "भाऊ, शेवंताचं आपण बरोबरच केलं ना?"

"पुन्हा तशी वेळ आली तं तेच करीन," ते म्हणाले. "आन पुन्हा आठ दिवस झोप येनार नाही. येऊही नये."

ड्रायव्हर चहा पिऊन यायला उशीर झाला. उन्हं तापली. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला, पण भाऊंनी पाहिलंच नाही. खिडकीच्या गजाला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, ते लहान मुलासारखे गाढ झोपले होते. वहिनींनी त्यांच्या कपाळाखाली पदराची घडी सारली आणि त्यांच्या वतीनं मला हात केला.

त्यानंतर भाऊ मला भेटले नाहीत.