जेद्दातली हवेली

आमचे एक डॉक्टर परीक्षेसाठी इंग्लंडला गेले होते, तेव्हा माळरानालगतच्या एका जुन्या हवेलीत पैसे भरून दोन रात्री राहिले. खोली आणि सकाळची न्याहारी, एवढाच तो व्यवहार. पण परतले ते हवेलीचे वारसदार होऊनच.

आखाती युद्धात रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली, तेव्हा आम्ही जेद्दाला त्यांच्या घरी आश्रयाला गेलो. रोज सकाळी ते स्टीलच्या ताटावर डाव बडवून आम्हाला न्याहारीला बोलवत. "हवेलीत असंच असतं." न्याहारी उरकली की पोराबाळांसकट बाहेर काढत. पाहुण्यांनी दिवसा माळावर फिरायचं असतं म्हणे. माळ म्हणजे समोरचा रिकामा प्लॉट, सिमेंटच्या फाटक्या गोण्यांनी भरलेला.

एका संध्याकाळी रियाधहूनच पळून आलेला एक रत्नागिरीकडचा ड्रायव्हर, बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन दारात उभा राहिला. डॉक्टरांनी हवेलीतून हौसेनं आणलेली 'खोली शिल्लक नाही' अशी इंग्रजी पाटी काढली आणि शांतपणे दाराला अडकवली.

"पाटी पुढच्या दाराला आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मागचं, स्वयंपाकघराचं दार उघडून तिघांना आत घेतलं.

सकाळी नवे श्रोते पाहून डॉक्टर खुलले. माळावरचा वारा, दगडी जिना, चांदीची किटली, सगळं पहिल्यापासून झालं. ड्रायव्हरनं मन लावून ऐकलं. मग अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, तुम्हाला तिथे कुठच्या दारातून घेतलं?"